खोकल्याची खतावणी

खोकल्याचे सहा प्रकार असतात. हे माझं मत नाही. अमेरिकेचं आहे, आणि तिथे ते अधिकृत पुस्तकात छापलेलं आहे. 2021 च्या सप्टेंबरअखेरपर्यंत त्या देशात खोकला एकच होता. त्याचा क्रमांक आर05. नातवाचा असो वा आजोबांचा, कालपासूनचा असो वा गेल्या संक्रांतीपासूनचा, सगळे याच खात्यावर खोकत. 1 ऑक्टोबर 2021 रोजी खोकल्याच्या वाटण्या झाल्या. ताजा खोकला आर05.1, मधल्या मुदतीचा आर05.2, जुनाट आर05.3, खोकता खोकता शुद्ध हरपली तर आर05.4, 'इतर, पण वर्णन केलेला' आर05.8 आणि कोणी काही सांगितलंच नसेल तर आर05.9. मधले 5, 6, 7 हे आकडे मोकळे आहेत. पुढेमागे कोणी नव्या तऱ्हेने खोकलाच, तर त्याची अडचण व्हायला नको.

मी ज्या घरात वाढलो तिथे सहा प्रकार सकाळच्या चहाआधीच होऊन जात. आजोबांचा माजघराच्या उंबऱ्यावरचा खोकला वेगळा. तो ऐकून सुना पदर सावरत. दारात आलेल्या घेणेकऱ्याचा वेगळा. 'बाबा घरात नाहीत' असं आम्ही मुलं त्याला सांगत असताना आतल्या खोलीतून येणारा बाबांचा खोकला तर फारच वेगळा. परीक्षेच्या हॉलमध्ये उत्तराचा क्रमांक पोचवणारा एक खोकला असे, तो मी स्वतः वापरलेला आहे. हे सगळे मी पुतणीपुढे मांडले आणि यांना कोणते आकडे देशील असं विचारलं. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "काका, डॉक्टरांनी वर्णन लिहिलं असेल तर आर05.8. त्यांनी लिहिलंच नसेल, तर कोणी खोकलंच नाही."

तिचा सगळा धंदा या शेवटच्या वाक्यावर उभा आहे.

पुतणी शिकली फिजिओथेरपी आणि नोकरी करते मेडिकल कोडिंगची, पुण्यात, खराडीला. तिच्या एका बाजूला होमिओपथीची पदवी बसते, दुसऱ्या बाजूला बी.फार्म. आणि समोर मायक्रोबायॉलॉजी. लग्नकार्यात तिची ओळख करून देताना पंचाईत होते. 'कोडिंग करते' म्हटलं की मुलाकडचे 'जावा की पायथन?' असं विचारतात. 'मेडिकल कोडिंग' म्हटलं की आदराने बघतात आणि लगेच पाय पुढे करून, "मग जरा हा गुडघा बघ," म्हणतात. "रात्रपाळी असेल ना गं?" असं एखादी आत्या हळूच विचारते. रात्रपाळी नसते. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना फोन करून थकलेल्या पैशांचा तगादा लावणारे जे एआरवाले, ते तिकडच्या घड्याळाप्रमाणे जागतात. कोडरचं काम कागदाशी. कागद सकाळपर्यंत थांबतो.

काम असं. ओहायोतले कोणी आजोबा नाक ओढत दवाखान्यात जातात. डॉक्टर त्यांना तपासून नोंद करतात. ती नोंद समुद्र ओलांडून खराडीत येते, आणि आजोबांना जे काही झालं त्याचा आकडा पुतणी लावते. मी जन्मभर एका सहकारी बँकेत खतावण्या ओढल्या, त्यामुळे मला हे पटकन उमगलं. डॉक्टर रोजकीर्द लिहितो, कोडर खतावणी करतो आणि विमा कंपनी दोघांच्या चुका काढते. फरक खात्यांच्या संख्येचा. अमेरिकेच्या जुन्या, म्हणजे नवव्या आवृत्तीच्या पुस्तकात सुमारे 14,000 खाती होती. 1 ऑक्टोबर 2015 पासून दहावी आवृत्ती लागू झाली आणि खाती सुमारे 70,000 वर गेली. जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी आवृत्तीसुद्धा 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, पण अमेरिका अजून दहावीतच आहे.

या धंद्यातली सीपीसी नावाची परीक्षा पुस्तकं उघडून द्यायची असते. हे ऐकल्यावर आमच्या घरात तिची किंमत एकदम उतरली. "पुस्तक बघून? मग त्यात काय अभ्यास?" असं सगळ्यांचं पडलं. पुतणीने ती पुस्तकं आणून टेबलावर ठेवली. टेबल हललं. चार तासांत शंभर प्रश्न आणि उत्तर त्या ढिगात कुठेतरी. मग कोणी काही बोललं नाही.

ऑफिसात मोबाइल बाहेर ठेवायचा, कागद-पेनही बाहेर ठेवायचं. कोणाला काय झालं हे घरी चुकूनही सांगायचं नाही. सांगतही नाही ती. पण ऋतुमान लपत नाही. जानेवारीत घरी आली की सोफ्यावर अंग टाकून म्हणते, "तिकडे फ्लू जोरात आहे." आमच्या गल्लीत कोणाला ताप आहे हे मला तीन दिवसांनी कळतं, एका खंडाला कणकण आहे हे मला रात्रीच्या जेवणाआधी कळतं.

मरणाची आणि आजाराची अशी नोंद ठेवायची खोड जुनी आहे. सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांची यादी छापली जाई. कोण कशाने गेलं हे ठरवायला वृद्ध स्त्रिया नेमलेल्या असत. त्या घरोघर जाऊन प्रेत बघत आणि कारण सांगत. 'दात', 'दुःख', 'घाबरून', 'ग्रह' अशी कारणं त्या याद्यांत सापडतात. ग्रहामुळे माणूस जातो हे आपल्याकडेही पुष्कळांना मान्य आहे. त्याचा अधिकृत तक्ता लंडनने छापला. 1662 मध्ये जॉन ग्राँट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने या याद्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने एक मजेदार तक्रार केली आहे. या म्हाताऱ्यांना थोडी बिअर पाजली आणि चार पैसे हातावर ठेवले की लाजिरवाण्या गुप्तरोगाने गेलेला माणूस त्यांच्या तोंडून क्षयाने गेलेला निघतो, असं त्याचं म्हणणं. पैसे घेऊन निदान बदलण्याचा रिवाज संगणकाने आणलेला नाही, एवढं यावरून कळतं.

पुढे इंग्लंडात विल्यम फारने या पसाऱ्याला शिस्त लावली आणि 1893 मध्ये फ्रान्सच्या झाक बर्तियाँने शिकागोच्या परिषदेत मृत्यूच्या कारणांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण मांडलं. आजचा आयसीडी, म्हणजे पुतणीचं हे आकड्यांचं पुस्तक, त्याचाच वंशज. या झाकचा भाऊ आल्फाँस पॅरिसच्या पोलिसात होता आणि गुन्हेगारांच्या डोक्याची, बोटांची, कानांची मापं घेऊन त्यांची ओळख ठेवायचा. एका भावाने चोर वर्गवारीला लावले, दुसऱ्याने मरण. बर्तियाँच्या घरात फडताळं किती नीटनेटकी असतील याचा मी अनेकदा विचार करतो.

या 70,000 खात्यांची चेष्टा करणारे लोक नेहमी बदकापाशी थांबतात. बदकाने चावणं आणि बदकाने धडक देणं यांची खाती वेगळी आहेत. कोंबडीने टोचण्याचं आणखी वेगळं. विमानाच्या इंजिनात ओढलं जाण्यालाही क्रमांक आहे, आणि त्यात 'पहिली भेट' आणि 'त्यानंतरची भेट' असा भेद आहे. इंजिनात ओढला गेलेला माणूस पुढच्या मंगळवारी पुन्हा दाखवायला येईल ही अमेरिकेची आशा मला आवडते. सासरच्यांशी न पटण्याला झेड63.1, घोरण्याला आर06.83, आणि सुस्कारा सोडण्याचीही सोय आर06.89 मध्ये केलेली आहे. शेवटचे दोन आमच्या घरात एकाच वेळी लागतात: मी घोरतो, ही सुस्कारे सोडते.

पण पुतणी म्हणते, बदक सोपं. बदकाला चावताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं. खरा घोळ सर्दीचा.

सर्दीत विषाणू कोणी पाहिलेला नसतो. डॉक्टरांना तो 'असावा' असं वाटत असतं. आता हे 'असावा' कोडरने कसं वाचायचं? यावर जे नियम आहेत ते माझ्या बँकेच्या परिपत्रकांनाही हरवतील. माणूस बाह्यरुग्ण विभागात बसला असेल आणि डॉक्टरांनी 'बहुधा न्यूमोनिया' लिहिलं असेल, तर तो न्यूमोनिया धरायचा नाही. खोकला आणि ताप तेवढा लिहायचा. तोच माणूस वॉर्डात दाखल असेल आणि घरी जाताना कागदावर 'बहुधा न्यूमोनिया' असेल, तर तो न्यूमोनिया झालाच असं समजून चालायचं. म्हणजे शंका तीच, डॉक्टर तेच, छातीही तीच. खाट मिळाली की शंकेची खात्री होते.

हे पचवून होतं न होतं तोच अपवाद येतो. फ्लू आणि कोविड यांना ही सवलत नाही. वॉर्डात असला तरी 'बहुधा फ्लू'वर ओळख पटलेल्या फ्लूचा आकडा लावता येत नाही. फ्लूची घरं तीन. पक्षी-डुकरांकडून आलेला नवखा ए विषाणू जे09, ओळख पटलेला नेहमीचा जे10 आणि ओळख न पटलेला जे11. 2009 मध्ये ज्या एच1एन1 ने पुण्यात शाळा आणि चित्रपटगृहं बंद पाडली, तो आता जे10 मध्ये बाकीच्यांबरोबर निमूट राहतो. आणि ओळख पटणं म्हणजे प्रयोगशाळेचा कागद असलाच पाहिजे असंही नाही. डॉक्टरांनी 'याला ए फ्लू आहे' असं ठामपणे लिहिलं की पुरे. उलट, प्रयोगशाळेचा कागद 'फ्लू ए पॉझिटिव्ह' असं ओरडत असला आणि डॉक्टरांनी खाली नुसतं 'वरच्या श्वसनमार्गाचा संसर्ग' लिहिलं असेल, तर कोडरला फ्लू दिसतो पण लिहिता येत नाही. ती जे06.9 लिहिते आणि तिकडे विचारणा पाठवते.

"म्हणजे तुला दिसतंय, मशीनला दिसतंय, त्या माणसाला तर जाणवतंयच. तरी नाही?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी लिहिलेलं नाही, काका."

बरं, एकदा फ्लू ठरला की खोकल्याला वेगळा भाव राहत नाही. तो आजाराचाच भाग मानतात. वेगळा लिहिला तर चूक. चार रात्री घर डोक्यावर घेतलेल्या खोकल्याची कागदावर एक ओळही उरत नाही.

बाकीच्या विषाणूंचं बिऱ्हाड कुठे आहे त्यावर क्रमांक ठरतो. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना छळणारा आरएसव्ही फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झाला तर जे12.1, श्वासनळीत राहिला तर जे20.5, तिच्या बारीक फांद्यांत शिरला तर जे21.0. जानेवारी 2025 मध्ये एचएमपीव्ही नावाच्या 'नव्या' विषाणूची बातमी आली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून सुंठ, हळद आणि भीती यांचं वाटप सुरू झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या साठ्यांनी तांदूळही भरून ठेवला. पुतणीने विचारलं, "हा नवा कसा? 2001 मध्येच शोधला गेलाय, आमच्या पुस्तकात त्याच्या न्यूमोनियाला कधीचा जे12.3 आहे." तेव्हापासून मी एक सोपी कसोटी लावतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन आणि कोडिंगच्या पुस्तकात जुना असलेला विषाणू दिसला तर तांदूळ भरत नाही.

खरोखर नवा विषाणू येतो तेव्हा पुस्तकाचीही कशी धावपळ होते ते 2020 मध्ये दिसलं. सुरुवातीला कोविडला स्वतःचा आकडाच नव्हता. कोरोना जातीच्या इतर विषाणूंच्या बी97.29 वर काम चालवलं. अमेरिकेत यू07.1 हे त्याचं स्वतःचं घर 1 एप्रिल 2020 ला मिळालं. यू हे प्रकरण अशा आणीबाणीसाठी मोकळं ठेवलेलं आहे. शेजारी यू07.0 मध्ये ई-सिगारेटने झालेले आजार राहतात. तेही त्याच दिवशी राहायला आले. कोविडने झालेल्या न्यूमोनियाला जे12.82 हा स्वतंत्र क्रमांक मिळायला 1 जानेवारी 2021 उजाडलं. तोवर निम्मं जग जाऊन-येऊन हॉस्पिटलात होतं, पण पुस्तकाला घाई करून चालत नाही.

आता ती विचारणा. तिला ते क्वेरी म्हणतात, आणि ती कशी लिहावी यावर अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनांनी नियमावली काढलेली आहे. समजा, कागदावर असं आहे: श्वास मिनिटाला 32, ऑक्सिजन 84 टक्के, श्वासाला मदत करणारं बायपॅप यंत्र लावलं. आणि निदानाच्या जागी डॉक्टरांनी लिहिलं आहे, 'धाप'. ही अ‍ॅक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर आहे हे फिजिओथेरपी शिकलेल्या मुलीला दिसतं. पण 'साहेब, ही फेल्युअरच ना?' असं विचारायला बंदी. उत्तर सुचवणारा प्रश्न म्हणजे गुन्हा. तिने आधी सगळी लक्षणं मांडायची, मग आपलं वैद्यकीय मत नोंदवावं अशी विनंती करायची, पर्याय द्यायचे, आणि त्यात 'इतर' व 'निश्चित सांगता येत नाही' हे पर्यायही ठेवायचे. उत्तराने बिल वाढेल की घटेल याचा चकार शब्द नको.

हे ऐकून मला आमच्या घराची काळजी वाटली. आमच्याकडे आजाऱ्याला विचारला जाणारा एकही प्रश्न या नियमात बसत नाही. "पुन्हा पंख्याखाली झोपलात ना?" ही हिची क्वेरी. "मी तुला कानटोपी घाल म्हटलं होतं की नव्हतं?" ही थोरल्या बहिणीची. शेजारच्या वहिनी तर प्रश्नचिन्हही खर्च करत नाहीत, त्या दारातून थेट निदान करतात, "दही खाल्लं असणार!" माझ्या सर्दीचं कारण आजवर पंखा, दही, उसाचा रस, ओले केस, पेरू, रात्रीचं केळं आणि एकदा 'उगाच सिनेमाला गेलात' असं नोंदवलं गेलं आहे. विषाणू हे कारण कोणीही, कधीही सुचवलेलं नाही. आणि 'इतर' किंवा 'निश्चित सांगता येत नाही' असे पर्याय नवऱ्यापुढे ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजायला वेळ लागेल.

या साऱ्या सोवळ्यामागे अर्थातच पैसा आहे. 1983 पासून अमेरिकेची मेडिकेअर ही सरकारी योजना हॉस्पिटलला दिवसांच्या हिशेबाने पैसे देत नाही. आजाराचा एक गट ठरतो आणि त्या गटाचा दर मिळतो. साध्या न्यूमोनियाचे असे तीन गट आहेत: मोठ्या गुंतागुंतीसह, लहान गुंतागुंतीसह आणि काहीच नसलेला. अ‍ॅक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर ही मोठी गुंतागुंत धरतात. 'धाप' धरत नाहीत. रुग्णाने तेवढाच ऑक्सिजन ओढला, नर्स तेवढीच जागली, पण डॉक्टरांनी आळस करून दोन अक्षरी शब्द लिहिला की हॉस्पिटलचे हजारो डॉलर गेले. म्हणून हॉस्पिटलं डॉक्टरांच्या मागे माणसं लावतात, डॉक्टर त्या माणसांना चुकवत जिन्याने जातात, आणि क्वेऱ्या तुंबतात.

उलट बाजूने, नसलेली गुंतागुंत लिहून पैसे उकळले तर 1863 सालचा कायदा अंगावर येतो. यादवी युद्धात लष्कराला भुसकट माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी तो लिंकनच्या काळात झाला. त्यात सरकारच्या नुकसानीची तिप्पट वसुली आहे. न्यूमोनिया फुगवून लिहिणाऱ्याला आज तोच कायदा लावतात. कोविडच्या वेळी मेडिकेअरने दाखल रुग्णांसाठी 20 टक्के जादा देऊ केले. थोड्याच महिन्यांनी, सप्टेंबर 2020 पासून, कागदावर चाचणीचा पॉझिटिव्ह निकाल हवाच अशी अटही घातली. ग्राँटच्या म्हाताऱ्यांचा अनुभव कुठेतरी लक्षात ठेवलेला दिसतो.

संगणकामुळे नोंदी भरभरून होऊ लागल्या, पण वाचणाऱ्याचे हाल वाढले. डॉक्टर एक चौकट टिचकीने भरतात आणि कालचा मजकूर आज चिकटवतात. मग पहिल्या परिच्छेदात पाच दिवसांचा खोकला असतो आणि तिसऱ्या परिच्छेदात 'खोकला नाही' अशी खूण. सोमवारी लिहिलेलं 'आज दाखल केले' हे वाक्य शुक्रवारपर्यंत रोज दाखल होत राहतं. चौदा पानं वाचून माणूस जिवंत घरी गेला की नाही हे शेवटच्या ओळीत शोधावं लागतं. पुतणीच्या कामाची अचूकता 95 टक्क्यांच्या खाली गेली तर तिला जाब द्यावा लागतो. चौदा पानांचा जाब कोणाला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही, कारण पानंच नसतात. आमचे डॉक्टर देवमाणूस आहेत. छातीला नळी लावून ते आधी "मुलगा काय म्हणतो?" असं विचारतात आणि मग "व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे" असं जाहीर करतात. सगळीकडे चालू आहे हे कळल्यावर पेशंटला निम्मं बरं वाटतं. कागदावर पाच औषधं येतात. आजाराचं नाव येत नाही. मी एकदा तो कागद पुतणीला दाखवला. तिने उलटसुलट केला, उजेडात धरला आणि म्हणाली, "काका, यावरून तुम्हाला गोळ्या झाल्यात एवढंच सिद्ध होतं."

याची किंमत मेडिक्लेमच्या वेळी कळते. माणूस दोन दिवस सलाइनवर पडून घरी येतो. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं 'व्हायरल फीव्हर'. विम्याचे दावे तपासणाऱ्या टीपीएकडून विचारणा येते: दाखल करण्याची गरज काय होती ते स्पष्ट करावं. ताप 104 होता, ऑक्सिजन घसरला होता, पेशंटला दमा आहे, हे सगळं घरच्यांना माहीत, वॉर्डबॉयला माहीत, चहावाल्यालाही माहीत. कार्डावर नाही. मग चिरंजीव अर्धी रजा टाकून हॉस्पिटलच्या खिडकीत उभे राहतात आणि शिक्का मारून घेतात.

आणि शेवटच्या कागदावरही तेच. मृत्यूचं कारण लिहिण्याचा आपल्याकडे फॉर्म 4 आहे. हृदय आणि श्वास थांबणं हे कारण म्हणून लिहू नये, ते सगळ्यांचंच थांबतं, त्यामागचा आजार लिहा, असं डॉक्टरांना शिकवलेलं असतं. तरी 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून मोकळं होण्याची सवय सुटत नाही. यातला विनोद इथे संपतो. 2020 मध्ये कोविडचे मृत्यू कसे नोंदवावेत याच्या सूचना आयसीएमआरला मुद्दाम काढाव्या लागल्या. ज्या पुण्यात 1952 पासून विषाणूंची राष्ट्रीय संस्था उभी आहे, 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ज्या पुण्यात झाला, त्याच पुण्यात बसून आपली मुलं अमेरिकेचा खोकला दशांशचिन्हापर्यंत नोंदवतात. आपला खोकला 'सगळीकडे चालू' राहतो. कुठे, किती, कोणाला, हे कागदावर नसेल तर साथ आली हे आपल्याला स्मशानातल्या गर्दीवरून कळतं.

तेव्हा माझं ऐका. डॉक्टरांकडे गेल्यावर 'जरा कसर वाटते' असं सांगू नका. खोकला किती दिवसांचा, ताप किती चढला, दमा किंवा मधुमेह आहे का, घरात आणखी कोणाला झालंय का, हे सांगा. चाचणी झाली असेल तर तिचा निकाल कागदावर आला की नाही ते बघा. डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की रिक्षात नको, तिथेच उभं राहून वाचा. निदानाची ओळ रिकामी असेल किंवा नुसतं 'व्हायरल' असेल, तर परत आत जा आणि नीट लिहून मागा. डॉक्टर चिडतील. चिडू द्या, त्यालाही क्रमांक आहे, आर45.4.